अकरावी बुरशी आणि चिठ्ठीमावशी

चिठ्ठीमावशींना खऱ्या नावानं हाक मारणारं त्या इमारतीत कुणी उरलं नव्हतं. संचालक त्यांना मावशी म्हणत, झाडू मारणारा मावशी म्हणे, आणि कपाटं बघायला आलेले बाहेरगावचे विद्वान पाहुणे पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करत ते दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत मुकाट ‘मावशी’वर येत. आता एवढ्या धिप्पाड बाईला चिठ्ठी का म्हणायचं, असं तुम्ही विचाराल. तर त्याचं कारण सरळ आहे. गेली चौतीस वर्षं बाई चिठ्ठ्याच लिहीत होत्या.

ती इमारत म्हणजे पानांचं संग्रहालय. पण सुंदर पानांचं नव्हे हं, खराब पानांचं! डाग पडलेली, ठिपके उठलेली, कडेनं करपलेली पानं. तुम्ही-आम्ही जे पान खुडून कचऱ्यात टाकू, ते इथं वर्तमानपत्राच्या घडीत घालत, लाकडी फळ्यांत आवळत, वाळवत, कागदी पाकिटात ठेवत आणि हिरव्या लोखंडी कपाटात पुढची शंभर वर्षं जपत. कारण पानावरचा तपकिरी ठिपका म्हणजे एका बुरशीचं घर. ते पाकीट घडी घालून बनवायचं आणि त्यावर चिठ्ठी लावायची, हे मावशींचं काम. कुठली बुरशी, कुठल्या झाडावर, कुठं सापडली, कुणी आणली, कधी आणली, सगळं काडेपेटीएवढ्या कागदावर बसवायचं. अक्षर असं बारीक आणि नेटकं, की पाहुणे आधी अक्षराचं कौतुक करायचे आणि मग बुरशीकडे वळायचे.

मावशींचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतींवर, फाटकांवर, ट्रकच्या पाठीवर, सांगाल तिथं अक्षरं काढायचे. म्हणजे बघा, एकाच घरात एकाची अक्षरं मुंगीएवढी आणि दुसऱ्याची म्हशीएवढी. मुलगी लहान असताना शाळेत बाई तिला म्हणाल्या होत्या, “तुझं अक्षर धड लहानही नाही आणि धड मोठंही नाही.” त्यावर घरात दोघंही पोट धरून हसले होते, कारण पोरगी दोघांच्या बरोबर मधे पडली होती.

मावशी कामात कडक होत्या. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापुढे संचालकांचंही चालत नसे. जुनी चिठ्ठी काढायची नाही. एखाद्यानं पाकिटावर लिहून ठेवलं की ही अमुक बुरशी, आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला वाटलं की छे, ही तर तमुक, तर त्यानं आपली वेगळी चिठ्ठी लिहायची, खाली स्वतःचं नाव आणि तारीख घालायची, आणि ती जुनीच्या खाली डकवायची. खोडायचं नाही, फाडायचं नाही, वर चिकटवायचं तर मुळीच नाही. काही पाकिटांवर चार-चार चिठ्ठ्या होत्या, चार विद्वानांची चार मतं, एकाखाली एक. “इथं भांडणं मिटवत नाहीत,” मावशी म्हणायच्या, “वाळवून ठेवतात.” असल्या हजारो चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हातानं डकवल्या होत्या. पण मत द्यायला लागते पदवी. मावशींकडे डिंकाचा ब्रश होता. त्यामुळे खालच्या ओळीत त्यांचं नाव कधी आलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे, असं त्या म्हणत.

आता थोडं त्या बुरशीबद्दल. घाबरू नका, थोडंच.

त्या कपाटांतली निम्मी पाकिटं एकाच वंशाची होती, सर्कोस्पोरा नाव त्या वंशाचं. पानावर ठिपका पाडायचा आणि ठिपक्यातून सूक्ष्म केसांचे झुबके काढून त्यांच्या टोकांवर सुईसारखे लांबट बीजाणू धरायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. पण एकमेकींसारख्या दिसतात हो! त्या इतक्या सारख्या, की जुन्या लोकांनी वैतागून एक सोपी रीत काढली होती. बुरशी कुठल्या झाडावर सापडली ते बघायचं, झाड नवीन असलं की बुरशीही नवीन धरायची आणि झाडाचंच नाव तिला द्यायचं. बुरशी ज्या घरी नांदते त्या घरचं नाव लावते, असा सगळा मामला. त्यामुळे या वंशात नावं झाली तीन हजारांच्या वर. मग पुढच्या लोकांनी डोळे चोळून बघायला सुरुवात केली, बीजाणू मोजले, त्यांच्यातले पडदे मोजले, बीजाणू गळून पडतो तिथला व्रण जाड आहे की पुसट ते तपासलं, आणि कळलं की एकच बाई वीस घरी वीस नावांनी नांदते आहे. झालं! एकेक नाव दुसऱ्याच्या पोटात जायला लागलं.

या पोटात जाण्याच्या धंद्यात सर्वांत जास्त मार बसला तो मोठ्या सरांना. मोठे सर म्हणजे मावशींना नोकरीवर घेणारे पहिले साहेब. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, दोन गल्ल्या सोडून राहत होते. त्यांनी हयातीत अकरा बुरशांना नावं दिली होती. त्यांतली दहा एकेक करून रद्द झाली. सर मोठ्या मनाचे. दरवेळी बातमी आली की म्हणत, “चला, आणखी एक दत्तक गेली!” आणि चहा मागवत. पण अकरावीचं नाव निघालं की ते गप्प व्हायचे. अकरावी रानचिकूवरची. तिच्या नावाचा अर्थच ‘रानचिकूवर राहणारी’. पाण्याच्या टाकीजवळ एकदाच सापडलेली, नंतर कुणालाही, कुठंही, कधीही न सापडलेली. सर दरवर्षी रानचिकूची झाडं धुंडाळत फिरायचे. मावशीही बरोबर जायच्या, पिशवी धरून. दोघांनी मिळून गावातल्या प्रत्येक रानचिकूची पानं उलटीपालटी करून बघितली होती. एक ठिपका मिळेल तर शपथ.

अशात डॉक्टरबाई आल्या. या विभागाच्या नव्या प्रमुख. वय पस्तिशीचं, केस आखूड, चालणं तुरुतुरु, आणि कामाला वाघीण. सगळ्या वंशाची नवी यादी करायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठलं नाव राहणार आणि कुठलं जाणार, ते त्या ठरवणार. मावशींनी आधी नाक मुरडलं होतं. मग एक दिवस डॉक्टरबाईंनी पाकीट परत ठेवताना घडी जशीच्या तशी घातल्याचं मावशींनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून मावशी त्यांना घरचं लोणचं आणून देऊ लागल्या.

तर एका मंगळवारी डॉक्टरबाईंनी मावशींना खोलीत बोलावलं. टेबलावर अकराव्या बुरशीचं पाकीट होतं.

“मावशी, बसा जरा,” त्या म्हणाल्या. “शनिवारी यादी छापायला जाते आहे. हे नाव मला वगळावं लागणार.”

मावशींनी पाकीट आपल्याकडे ओढलं. “का हो? काय वाईट केलंय तिनं?”

“वाईट काही नाही. पुरावाच नाही. हा एकमेव नमुना. अर्धं पान किड्यांनी खाल्लंय. उरलेल्या ठिपक्यांवर एकसुद्धा बीजाणू शिल्लक नाही, मी काल दिवसभर शोधलं. सरांचं चित्र आहे, सुरेख आहे, पण नुसत्या चित्रावर नाव ठेवता येत नाही. चौतीस वर्षांत रानचिकूवर ती परत कुणाला दिसली नाही. मी तरी काय करू?”

“सरांना सांगितलंत?”

“हिंमत होत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांचा चेहरा पडला होता. “शनिवारच्या आत ताजा नमुना मिळाला तर बघा. नाहीतर रविवारी मीच जाईन सांगायला.”

मावशी पाकीट घेऊन आपल्या खोलीत आल्या. वरची चिठ्ठी त्यांच्याच हातची, नोकरीतल्या तिसऱ्या आठवड्यातली. अक्षर तेव्हाही नेटकं होतं, फक्त जरा घाबरलेलं. ‘रानचिकूच्या पानावर.’ त्यांनी पाकीट उघडलं आणि सवयीनं ते अर्धं पान पालथं करून पाठीवरून हलकेच बोट फिरवलं.

आणि बोट थांबलं.

मावशींच्या बोटांबद्दल इमारतीत दंतकथा होत्या. डोळे मिटून पान हातात दिलं तरी झाड सांगायच्या. पाहुणे पैजा लावायचे आणि हरायचे. चौतीस वर्षांत मावशी पानाच्या बाबतीत चुकल्या, असं कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता त्यांचं ते शहाणं बोट त्यांना सांगत होतं, की रानचिकूचं पान पाठीवर गुळगुळीत असतं. हे गुळगुळीत नव्हतं. याच्या पाठीवर शिरांची उठावदार जाळी होती, बारीक बारीक घरांची. भिंग लावून बघितलं. जाळीच! एवढ्या वर्षांत हे पाकीट कुणी फारसं उघडलंच नव्हतं. एकमेव नमुना म्हणून डॉक्टरबाई येईपर्यंत मावशींनीच कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि स्वतःही टाळलं होतं.

हे भिंतवेलीचं पान होतं.

भिंतवेल तुम्ही पाहिलेली आहे. भिंतीला घट्ट चिकटून वर चढते, पानं नखाएवढी, पातळ. पण ही बया मोठी नाटकी आहे. भिंतीचा माथा गाठला, की तिथं जाड फांद्या बाहेर काढते आणि त्यांना तळहाताएवढी जाडजूड पानं येतात. खालचं पान आणि वरचं पान शेजारी ठेवलं तर कुणी शपथेवर सांगेल की ही दोन वेगळी झाडं. देठ मोडला की रानचिकूसारखाच पांढरा चीकही येतो.

मावशींनी भिंग खाली ठेवलं. त्यांना तो दिवस लख्ख आठवला. रात्री वारं सुटलं होतं, सकाळी टाकीच्या भिंतीखाली पानांचा सडा. भिंतीला लागून रानचिकूचं मोठं झाड. सरांनी वाकून ठिपक्यांची पानं उचलली आणि विचारलं, “झाड कुठलं गं हे?” आणि नोकरीला तीन आठवडे झालेल्या, आपल्याला काही येत नाही हे साहेबांना कळेल की काय या भीतीनं अर्धमेल्या झालेल्या त्या पोरीनं मान वर केली, झाड बघितलं आणि ठणकावून सांगितलं, “रानचिकू!” सरांनी वहीत लिहिलं. तिनं चिठ्ठीवर लिहिलं. बुरशीला नाव मिळालं. आणि त्यानंतर एक म्हातारा होत चाललेला माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या झाडाखाली पानं उलटीपालटी करत फिरला, आणि जिनं त्याला तिथं पाठवलं ती त्याची पिशवी धरून मागं होती.

“मेले मी!” मावशी मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं असतं? नाव शनिवारी गेलं असतं, सर चार दिवस गप्प राहून पाचव्या दिवशी चहा मागवते झाले असते, आणि मावशींच्या बोटांची दंतकथा शाबूत राहिली असती. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मावशींनी हा विचार दहा वेळा केला, आणि दहाही वेळा त्यांना स्वतःची लाज वाटली.

यजमान दारात बसून टर्पेंटाइननं ब्रश धूत होते. मावशींनी चप्पल काढता काढताच सगळं सांगून टाकलं. यजमानांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते हसायला लागले. इतके हसले, की ब्रश डब्यात पडला.

“हसताय काय? माझा इथं जीव चाललाय!”

“अगं, टाकीची भिंत म्हणजे तीच ना, जिच्यावर ‘येथे गाडी लावू नये’ लिहिलंय?”

“असेल. मग?”

“मग ती अक्षरं कुणी काढली? मी! दर दोन वर्षांनी मी तिथं शिडी लावतो. आणि दर दोन वर्षांनी तुझी ती वेल माझा ‘येथे’ खाऊन टाकते. आधी अर्धा दिवस वेल तोडायची, मग रंग लावायचा. झाड तर कधीच पाडलं, वेल मात्र आहे तशीच.”

मावशी पुढे सरकल्या. “आणि वर? अगदी माथ्यावर? मोठी पानं असतात का हो?”

“असतात की. हाताएवढी.”

“ठिपके असतात त्यांच्यावर?”

यजमान विचारात पडले. त्यांनी डोकं खाजवलं. “तपकिरी? मधे राखाडी, कडेला गडद?”

“हो!”

“अगं देवा,” यजमान म्हणाले. “मला वाटायचं माझाच रंग उडालाय. मी बोळ्यानं पुसायचा प्रयत्न करायचो!”

आता मात्र मावशींचाही बांध फुटला. चौतीस वर्षं सगळं गाव ज्या बुरशीला शोधत होतं, तिला त्यांचा नवरा दर दोन वर्षांनी टर्पेंटाइननं पुसत होता. दोघंही दारातच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेजारीण डोकावून गेली आणि काही न विचारता परत फिरली.

“उद्या सकाळी शिडी लावू,” यजमान डोळे पुसत म्हणाले. “तू वर चढू नकोस, मी काढून देतो पानं.”

“वा रे वा! तुम्ही पुसून टाकाल!”

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या भिंतीखाली जो तमाशा झाला, तो तिथल्या पहारेकऱ्याला बरेच दिवस पुरला. आधी तो शिडीला आडवा आला. “परवानगी आहे का?” म्हणाला. यजमानांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. “हे मीच लिहिलंय. गाडी लावू नये असं आहे, शिडी लावू नये असं कुठं आहे?” पहारेकऱ्यानं भिंत नीट वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. तेवढ्यात मावशी पदर खोचून चार पायऱ्या चढलेल्याही होत्या, आणि शिडी करकरायला लागल्यावर तोच धावत आला आणि एका बाजूनं धरून उभा राहिला.

“हळू, मावशी, हळू!” तो ओरडला. बघा, त्यालाही पाच मिनिटं लागली नाहीत.

वर पोचल्यावर मावशींनी खाली बघितलं नाही. समोर बघितलं. भिंतीच्या माथ्यावर वेलीच्या जाड फांद्या उन्हात पसरल्या होत्या आणि पानापानांवर ठिपके होते. गोल, मधे राखाडी, कडेला गडद तपकिरी. एकदोन नव्हे, शेकडो! मावशींनी एक पान पालथं केलं आणि पाठीवर बोट टेकवलं. जाळी. भिंग लावलं. ठिपक्यात काळसर केसांचे झुबके, दाट, टवटवीत.

“आहे का गं?” खालून यजमानांनी विचारलं.

मावशींनी जोरात मान हलवली, आणि शिडीही हलली, आणि खालून दोन पुरुषांनी एकदमच बोंब मारली.

दुपारी डॉक्टरबाईंच्या टेबलावर पंधरा पानं होती. वर्तमानपत्राच्या घडीत, ओळीनं. त्याशेजारी जुनं पाकीट. मावशी उभ्याच राहिल्या.

“आधी मी बोलते,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही काचेखाली बघा. चूक माझी आहे. ते पान रानचिकूचं नव्हतंच. सरांनी मला विचारलं आणि मी माहीत नसताना सांगितलं.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

डॉक्टरबाईंनी जुन्या पानाची पाठ भिंगातून बघितली, ताज्या पानाची बघितली. मग सुईच्या टोकानं ठिपका खरवडला, काचेवर थेंब टाकला, त्यात ते कण सोडले, वर पातळ काच अलगद टेकवली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. सरांचं जुनं चित्र शेजारी उघडून ठेवलं होतं. मोजपट्टी फिरवली. ओठ हलत होते, आकडे मोजत होत्या. एक बीजाणू, दुसरा, दहावा, विसावा. मावशींना वाटलं, या बाईला आज संध्याकाळ करायची आहे.

“मावशी,” शेवटी त्या म्हणाल्या, “सरांनी इथं लिहिलंय, बीजाणू टोकाला एका बाजूला वाकडा, चालायच्या काठीच्या मुठीसारखा. मला वाटायचं, चित्र काढताना हात वळला असेल. आता या बघायला.”

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. उजेडाच्या गोलात लांबट, फिकट बीजाणू पडलेले होते, आत आडवे पडदे. आणि प्रत्येकाचं टोक एका बाजूला वळलेलं. झाडून सगळ्यांचं!

“सात ते नऊ पडदे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. “व्रण जाड, गडद. वळलेलं टोक दुसऱ्या कुणातच नाही. जनुकांची तपासणी नंतर करूच, पण मी आज लिहून देते. ही वेगळी आहे. कुणाच्या पोटात जात नाही. राहिली!”

आणि त्या गंभीर चेहऱ्याच्या बाईंनी मावशींना चक्क मिठी मारली. डिंकाची बाटली आडवी झाली, पण त्या दिवशी कुणाला तिचं काही वाटलं नाही.

सरांकडे मात्र मावशींना जायचंच होतं, आणि ते शिडीपेक्षा अवघड होतं. संध्याकाळी दोघीही गेल्या. सर खिडकीशी बसले होते. मावशींनी पान त्यांच्या हातात दिलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला मी इतकी वर्षं चुकीच्या झाडाखाली फिरवलं, सर. मला माफ करा.”

सरांनी पान उलटून पाठीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी मान वर केली.

“अगं वेडे,” ते म्हणाले, “मला ते झाड ओळखता आलं असतं तर मी तुला विचारलं असतं का?”

“म्हणजे?” मावशींनी विचारलं.

“मी बुरशीवाला. झाडांच्या बाबतीत मी तेव्हा अगदीच ढ होतो. पण साहेब ना मी! तुझ्यासमोर कसं कबूल करणार? म्हटलं, विचारून बघू, हिला काय येतं. आणि तू असं ठणकावून सांगितलंस, की मला वाटलं, वा, पोरगी हुशार दिसते. मी तर मान वर करून बघितलंसुद्धा नाही. वर बघितलं की मला गरगरतं.” सरांना हसू आवरेना. “म्हणजे तू मला घाबरलीस, मी तुला घाबरलो, आणि ती बिचारी बुरशी चौतीस वर्षं वर बसून आपल्याला बघत होती!”

“आता नाव बदलायला हवं का हो?” मावशींनी डॉक्टरबाईंना विचारलं. “रानचिकूशी तिचा काडीचा संबंध नाही.”

“नाही बदलता येत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नियमच आहे. नीट दिलेलं नाव अर्थ जुळत नाही म्हणून टाकता येत नाही. राहील भिंतवेलीवर, म्हणवून घेईल रानचिकूवाली.”

“कायमची?”

“कायमची.”

“छान!” सर म्हणाले. “दहा बरोबर लिहिली ती गेली, आणि जिच्यात चूक केली ती राहिली. आता चहा आण गं, पण आज दत्तक जाण्याचा नव्हे. आज बारशाचा.” आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत, पान हातात होतं ना.

शुक्रवारी सकाळी मावशी नेहमीसारख्या आपल्या टेबलाशी बसल्या. ताज्या पानांचं पाकीट दुमडलं, त्यावर चिठ्ठी लावली, आणि जुनं पाकीट कपाटात परत ठेवायला उचललं. तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी एक कोरी चिठ्ठी मावशींसमोर ठेवली.

“जुन्या पाकिटावर लावायची आहे,” त्या म्हणाल्या. “झाड चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त करायला.”

“लावते की. द्या मजकूर.”

“मजकूर तुमचा. झाड तुम्ही ओळखलंत. मी नाही.”

मावशींनी चिठ्ठीकडे बघितलं. मग डॉक्टरबाईंकडे. “अहो, पण त्याला पदवी लागते.”

“कुठं लिहिलंय? चिठ्ठीवर तीनच गोष्टी लागतात. मत, तारीख आणि नाव. तुम्हीच मला शिकवलंय.”

डॉक्टरबाई निघून गेल्या. मुद्दामच गेल्या असणार. मावशींनी पेन उचललं, ठेवलं, पदरानं हात पुसले, पुन्हा उचललं. मग आपल्या त्या मुंगीच्या अक्षरात लिहिलं, ‘रानचिकू नव्हे. भिंतवेल, माथ्यावरचं पान.’ खाली तारीख घातली. त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण. हजेरीपट सोडला तर त्या इमारतीत ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिताना त्यांना क्षणभर ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

मग डिंकाचा ब्रश फिरवला आणि ती चिठ्ठी जुनीच्या खाली डकवली. वर तीन आठवड्यांच्या पोरीचं ‘रानचिकू’, खाली चौतीस वर्षांच्या बाईचं ‘नव्हे’. जुनीला त्यांनी हात लावला नाही. डिंक वाळेपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या.